असमर्थता सांगण्याचे सामर्थ्य

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला रुग्णालयात आणले की पहिल्या काही मिनिटांतच त्याच्या केसपेपरवर एक आकडा लिहिला जातो. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली घालून दिलेली ही मोजणी आज जगभर वापरली जाते. रुग्ण डोळे कशाने उघडतो, कसे बोलतो आणि हातपाय कसे हलवतो, या तीन गोष्टींचे गुण मिळवून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ असा आकडा येतो. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. काही महिन्यांनी दुसरा आकडा येतो, तो दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरील टक्केवारीचा. प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गेले तर तिसरा येतो, तो नुकसानभरपाईच्या रुपयांचा.

या तीन आकड्यांमध्ये एक जागा मात्र रिकामीच राहते. आपल्याला काय होते, काय जमत नाही आणि काय हवे आहे, हे चार लोकांपुढे सांगता येईल असा विश्वास त्या माणसाला स्वतःला कितपत वाटतो, याची नोंद कोणत्याही कागदावर नसते. वस्तुतः दुसरा आणि तिसरा आकडा बऱ्याच अंशी या न मोजलेल्या गोष्टीवरच अवलंबून असतो.

न दिसणारी इजा

यवतमाळ जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. नागपूर-हैदराबाद मार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा व पाटणबोरीवरून पुढे तेलंगणात उतरतो. वर्ध्याहून नांदेडकडे जाणारा मार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव आणि उमरखेड या गावांना जोडतो. वणीच्या बाजूला कोळशाचे ट्रक, हंगामात कापसाने भरलेल्या गाड्या आणि त्यांच्या मधून वाट काढणारे, डोक्यावर हेल्मेट नसलेले दुचाकीस्वार, हे चित्र येथील प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुष्कळदा नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगी गाठावे लागते. जीव वाचतो, टाके निघतात, माणूस घरी येतो. शेजारीपाजारी समाधानाने म्हणतात, ‘‘आता तर चांगले हिंडता-फिरता येते.’’ अडचणीचा खरा आरंभ येथूनच होतो.

पाय गेला तर तो सर्वांना दिसतो. जयपूर फूट बसवताना उरलेल्या पायाचे माप घेता येते आणि त्या मापाचा कृत्रिम पाय तयार करता येतो. मेंदूच्या इजेला असे बाह्य माप नाही. लक्ष टिकत नाही, काल ऐकलेले आज आठवत नाही, योग्य शब्द ओठांवर येत नाही, दोन माणसे एकदम बोलू लागली की काहीच उमगत नाही, दुपारपर्यंत असा थकवा येतो की डोळे मिटून पडावे लागते. एरवी शांत असलेला माणूस क्षुल्लक कारणावरून चिडतो, किंवा उत्साही माणूस दिवसभर काही न करता बसून राहतो. लोक त्याला आळशी म्हणतात, हेकट म्हणतात. क्वचित ढोंगीही म्हणतात.

दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात २१ प्रकारची दिव्यांगता नोंदलेली आहे. पण अपघाताने मेंदूला झालेली इजा हा त्यात स्वतंत्र प्रकार नाही. त्यामुळे अशा व्यक्तीला आपली इजा तिच्या परिणामांच्या रूपाने मांडावी लागते. हातपाय लुळे पडले असतील तर अस्थिव्यंगाखाली, वाचा गेली असेल तर वाचा व भाषा दोषाखाली. ज्याचे हातपाय धड आहेत आणि जिभेलाही लुळेपणा नाही, त्याने आपली अडचण तपासणाऱ्या डॉक्टरांना नेमकी सांगितली नाही, तर ती कागदावर येण्याचा संभव फार थोडा असतो.

न्यायाधिकरणापुढेही तीच स्थिती आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वैद्यकीय प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट या दोन भिन्न गोष्टी आहेत. इजेचा त्या माणसाच्या प्रत्यक्ष व्यवसायावर काय परिणाम झाला, हे पाहिले पाहिजे. अडत दुकानातील मुनीमाचे उदाहरण घेतले तर या निर्णयाचे मोल ध्यानात येते. त्याच्या हातापायांना काही झालेले नाही. पण तीन रकमा लागोपाठ मनात ठेवणे त्याला आता जमत नसेल, तर त्याची उपजीविका जवळजवळ संपलीच. मात्र हे सिद्ध व्हायचे तर आपल्याला नेमके काय जमत नाही ते त्याने सांगितले पाहिजे. वेळही हाताशी फार नसतो. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली गेली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. परंतु मेंदूच्या इजेतून सावरणारा माणूस त्या सहा महिन्यांत पुष्कळदा आपले दुखणे पुरते समजूनही घेऊ शकलेला नसतो.

असमर्थता सांगण्यासाठीही सामर्थ्य लागते, आणि इजेने आघात केलेला असतो तो बऱ्याचदा त्या सामर्थ्यावरच. हा पेच या विषयाच्या मुळाशी आहे.

घरच्यांचा आवाज आणि त्याचा आवाज

या पेचावर आपल्या समाजाने शोधलेला उपाय म्हणजे कुटुंब. बँकेच्या कोणत्याही शाखेत घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. अपघातातून उठलेले काकाजी पुतण्याबरोबर काउंटरवर आले आहेत. अधिकारी विचारतो, ‘‘काकाजी, मुदत ठेव मोडायची आहे का?’’ काकाजी उत्तर जुळवू लागतात. तेवढ्यात पुतण्या म्हणतो, ‘‘हो साहेब, मोडायची आहे. त्यांना आता काही विचारू नका, त्यांना त्रास होतो.’’ पुतण्याच्या मनात कपट असेलच असे नाही. बहुधा मायाच असते. काकाजी मात्र उघडलेले तोंड मिटून घेतात. पुढच्या वेळी ते उघडतही नाहीत. एखादा जाणता अधिकारी अशा वेळी म्हणेल, ‘‘भाऊ, घाई नाही. त्यांनाच सांगू द्या.’’ त्या अर्ध्या मिनिटाची किंमत व्यवहाराच्या कोणत्याही नोंदवहीत लिहिली जात नाही.

कायदा काकाजींच्या बाजूने आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणेच मालमत्ता बाळगण्याचा, आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेकडून कर्ज घेण्याचा हक्क आहे. सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा आणि तोही शक्य नसेल तर पायाच्या बोटाचा ठसा किंवा एखादी खूण, दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली रीत आहे. माणूस सही करू शकत नाही म्हणजे तो ठरवू शकत नाही, असे त्या रीतीने मानलेले नाही.

कुटुंबाचा आवाज अनावश्यक आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. हरियाणातील एका बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्याला २००७ साली अपघातात जबर इजा झाली. तिची समज तान्ह्या बाळाइतकीच उरली. तिच्यासाठी इतरांनीच लढणे भाग होते आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तिची भरपाई वाढवून ६२ लाख २७ हजार रुपये केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कोमात असलेल्या पतीचे व्यवहार पाहण्यासाठी पत्नीची पालक म्हणून नियुक्ती केली. जगातील मेंदू-इजेविषयीच्या चळवळीही बहुतांशी आईवडिलांनीच उभ्या केल्या. अमेरिकेत मॅरिलिन प्राइस स्पिव्हॅक यांनी मुलीच्या अपघातानंतर १९८० साली राष्ट्रीय संस्था उभारली. आपल्याकडे जोधपूरचे गजसिंह यांनी, २००५ साली पोलो खेळताना पुत्र शिवराजसिंह यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाल्यानंतर, २००७ साली इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशनची स्थापना केली.

तथापि जो बेशुद्ध आहे त्याच्यासाठी बोलणे वेगळे आणि जो सावकाश बोलतो त्याच्याऐवजी बोलणे वेगळे. या दोन टोकांच्या मध्ये हजारो माणसे असतात. त्यांच्यापैकी कोणाला कोठे, किती आधार हवा हे अंदाजाने ठरवण्याऐवजी मोजून ठरवता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

‘जमेल’ मोजण्याची रीत

त्याचे उत्तर मानसशास्त्रात सापडते. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन करणारे अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली एक साधा वाटणारा विचार मांडला. एखादे काम माणूस हाती घेतो की नाही, आणि अडथळा आल्यावर टिकून राहतो की सोडून देतो, हे त्याच्या अंगच्या कौशल्याइतकेच ‘हे मला जमेल’ या त्याच्या विश्वासावर अवलंबून असते. याला मराठीत स्वसामर्थ्याचा विश्वास म्हणता येईल. हा विश्वास म्हणजे अहंकार नव्हे आणि सर्वसाधारण आत्मविश्वासही नव्हे; तो कामागणिक वेगळा असतो. उत्तम पोहणारा माणूस व्यासपीठावर थरथरू शकतो.

म्हणून मोजणीही कामागणिकच करावी, असा बँड्युरा यांचा आग्रह होता. त्यांची रीत अशी की, एखादी नेमकी कृती सांगायची आणि ती करता येईल याची खात्री शून्य ते शंभर यांपैकी किती वाटते ते विचारायचे. शून्य म्हणजे मुळीच जमणार नाही. शंभर म्हणजे निश्चित जमेल. ‘मी करीन’ असे न विचारता ‘मी करू शकेन’ असे विचारायचे, कारण करीन हा इरादा झाला, करू शकेन हा विश्वास.

मेंदूच्या इजेच्या क्षेत्रात या विचाराचा उपयोग झालेला आहे. किथ सिसेरोन आणि जोआन अझुले यांनी २००७ साली दाखवून दिले की, इजेनंतर जीवनात समाधान वाटणे आणि आपल्या विस्मरणासारख्या बौद्धिक अडचणी आपण सांभाळू शकू असे वाटणे यांचा निकटचा संबंध आहे. पुढे कोलोरॅडो राज्यातील क्रेग रुग्णालयाच्या लेनोर हॉली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली स्वतःची बाजू स्वतः मांडण्याच्या दोन मोजपट्ट्यांची प्राथमिक पडताळणी प्रसिद्ध केली. एक पट्टी विश्वास मोजते, दुसरी प्रत्यक्ष कृती. बाजू मांडता येईल असे वाटणे आणि ती खरोखर मांडणे या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या धरल्या, हे फार महत्त्वाचे आहे.

पट्टी कोठे फसते

ज्या अवयवाने उत्तर द्यायचे त्यालाच इजा झालेली असल्यामुळे ही मोजणी इतर मोजण्यांपेक्षा नाजूक आहे. मेंदूच्या पुढील भागाला मार लागला असता काहींना आपल्या उणिवांची जाणीवच पुरती राहत नाही. असा माणूस प्रत्येक प्रश्नाला शंभर गुण देईल आणि दुसऱ्याच दिवशी न वाचता तडजोडीच्या कागदावर सही करील. उलट, दुसरा एखादा चार वेळा हशा झाल्यामुळे इतका खचलेला असतो की त्याला सहज जमणाऱ्या गोष्टीलाही तो दहा गुण देतो. दोघांचेही आकडे खरेच. पण त्यांचा अर्थ वेगळा.

म्हणून एकाच प्रश्नावर तीन नोंदी शेजारीशेजारी ठेवणे इष्ट ठरते. पहिली त्या व्यक्तीची स्वतःची, दुसरी तिला नित्य पाहणाऱ्या जवळच्या माणसाची आणि तिसरी प्रत्यक्ष प्रयत्नाची. खतावणी आणि बँकेचे विवरणपत्र जुळले नाही तर मुनीम लगेच कोणाला खोटे ठरवत नाही; फरक कोठे पडला ते शोधतो. येथेही तसेच आहे. काकाजी सत्तर म्हणतात, पुतण्या वीस म्हणतो, तर मधल्या पन्नासांचा शोध घ्यायचा. कधी काकाजींना आपली अडचण कळलेली नसते. कधी पुतण्याने त्यांना संधीच दिलेली नसते.

आणखी एक पथ्य असे की, या आकड्याचा उपयोग कोणाला ‘अक्षम’ ठरवण्यासाठी, पालक नेमण्यासाठी किंवा वाटणीच्या वादात पुरावा म्हणून करू नये. ही बुद्धीची परीक्षा नाही. आधार कोठे द्यावा एवढेच ती सांगते.

यवतमाळसाठी काय बदलावे

कोलोरॅडोत तयार झालेली पट्टी जशीच्या तशी घाटंजीत चालणार नाही. प्रश्नावलीचे मराठीकरण म्हणजे शब्दांची अदलाबदल नव्हे. शास्त्रीय रीत अशी की, एकाने मूळ मजकूर मराठीत आणावा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यावा, दोन्ही ताडून पाहावे आणि मग अशाच व्यक्तींकडून तो वाचवून घेऊन त्यांना काय समजले ते विचारावे. शिवाय या जिल्ह्यात मराठी ही प्रत्येकाची घरची भाषा नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातील तांड्यांवर गोरबोली बोलली जाते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागात कोलामी आणि गोंडी. इजेनंतर पुष्कळदा लहानपणीची भाषाच अधिक जवळची वाटते, तेव्हा प्रश्न कोणत्या भाषेत विचारला याने उत्तर बदलू शकते.

प्रसंगही येथलेच हवेत. नमुन्यादाखल काही विधाने अशी असू शकतील: ‘डॉक्टरांचे बोलणे कळले नाही तर पुन्हा सावकाश सांगा असे मी म्हणू शकतो.’ ‘मला वेळ लागतो, मागे थांबलेल्यांना आधी घ्या, पण माझे काम आजच करा, असे मी काउंटरवर सांगू शकतो.’ ‘प्रमाणपत्रावरील नोंद चुकीची वाटली तर अपील करायचे आहे असे मी सांगू शकतो.’ ‘शेताच्या सौद्याची बोलणी चालली असता मलाही विचारा, असे मी घरातील मोठ्यांना म्हणू शकतो.’ यांतील शेवटचे विधान बहुधा सर्वांत कठीण ठरेल. परक्या अधिकाऱ्यापुढे बोलणे एक वेळ जमते. ज्यांनी रात्ररात्र जागून वाचवले त्यांच्यापुढे आपले मत मांडणे जड जाते. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या माणसाची मोजणी करताना हा प्रश्न गाळला तर मोजणी अपुरी राहील.

विचारण्याची पद्धतही संभाळावी लागते. वाक्य लहान असावे आणि एका वाक्यात एकच गोष्ट असावी. अक्षर मोठे असावे. शून्य ते शंभर हे अवघड वाटल्यास शिडीचे चित्र काढून कोणत्या पायरीवर आहात ते बोटाने दाखवू द्यावे. ज्याची वाचा गेली आहे त्यालाही ते साधते. वेळ सकाळची असावी, मध्ये विसावा असावा. आणि त्या वेळी घरची माणसे दुसऱ्या खोलीत असावीत.

मोजल्यानंतर

केवळ मोजून कोणाचे वजन वाढत नाही. बँड्युरा यांनी या विश्वासाचे चार उगम सांगितले आहेत आणि घरच्या माणसांना त्या चारही ठिकाणी काही करता येते. पहिला आणि सर्वांत बलवान उगम म्हणजे स्वतः मिळवलेले यश. काकाजींनी एकदम न्यायाधिकरणात साक्ष द्यावी अशी अपेक्षा न धरता, आधी पासबुक भरून घ्यायला त्यांनी स्वतः सांगावे; पुतण्याने दोन पावले मागे उभे राहावे. बोलायचे तीन मुद्दे घरीच चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले तर स्मरणाचे ओझे हलके होते.

दुसरा उगम म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहणे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत काही गटांना बाजू मांडण्याचा आखीव अभ्यासक्रम शिकवला आणि काही गटांना आपले कार्यक्रम आपणच ठरवू दिले. अभ्यासक्रम शिकलेले गट दुसऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. यावरून एवढे तरी म्हणता येते की, महागडे पुस्तक किंवा प्रशिक्षक नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. महिन्यातून एकदा समाजाच्या सभागृहात अशी पाचसहा कुटुंबे एकत्र बसली आणि आधी त्या व्यक्तींनी, मग नातेवाइकांनी बोलावे एवढा नियम पाळला, तरी आरंभ होतो.

तिसरा उगम म्हणजे विश्वासू माणसाचा शब्द. तो मात्र खरा असावा. ‘तुम्हाला काही झालेलेच नाही’ असे म्हणणे हा धीर नव्हे, ते त्यांचे दुखणे नाकारणे झाले. चौथा उगम म्हणजे शरीराची स्थिती. थकलेल्या, न जेवलेल्या, गोंगाटाने बावरलेल्या माणसाला स्वतःविषयी खात्री वाटत नाही. म्हणून महत्त्वाचे काम दुपारच्या गर्दीत न ठेवता कार्यालय उघडताच करावे.

व्यवहारात साह्य करणारी दारेही आहेत. प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध २०१६ च्या कायद्यातील कलम ५९ नुसार अपील करता येते. शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर कलम २० नुसार त्याला काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही; तो त्या पदास योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो; त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. घाबरून राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी, किंवा मिळेल त्या रकमेवर दावा मिटवण्यापूर्वी, ही दारे ठोठावण्याचा विश्वास त्या व्यक्तीत आणि तिच्या घरात असावा, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.

पुन्हा काउंटरवरच्या त्या प्रसंगाकडे वळावे. अधिकाऱ्याने प्रश्न विचारला आहे. काकाजी शब्द शोधत आहेत. मागे रांग आहे, पंख्याचा आवाज आहे, पुतण्याच्या ओठांवर उत्तर तयार आहे. त्याने ते आवरले आणि तो गप्प राहिला, तर कदाचित अर्ध्या मिनिटाने काकाजी म्हणतील, ‘‘मोडायची नाही. अर्धीच काढायची आहे.’’

घरातल्या कोणालाही हे ठाऊक नसते, कारण त्यांना कोणी विचारलेलेच नसते.